तीन नंबरची बोंब

खंडेनवमीला यंत्र थांबवायचं, पुसूनबिसून घ्यायचं, हळदीकुंकू लावून हार घालायचा, ही साऱ्या मुलखाची रीत. पण दूध संघाचं यंत्र थांबवणार कसं? म्हशींना खंडेनवमीची सुट्टी नसते. सकाळचं दूध येतं, संध्याकाळचं येतं, आणि आलं की ते तापवावंच लागतं. त्यामुळं शिरोळच्या वाटेवरच्या त्या संघात दरवर्षी चालत्या यंत्राचीच पूजा व्हायची. मोटर घुमतेय, पाइप धडधडताहेत आणि त्यांच्यावर झेंडूच्या माळा थरथरताहेत, असा तो थाट असे.

यंदा त्या थाटात भिंतीवर एक नवंकोरं पॅनेल होतं, आणि त्या पॅनेलच्या पुढं नुजहत उभी होती. ईदला शिवलेला हिरवा ड्रेस अंगात आणि गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. पोरगी कबनूरची. घरात चार माग, त्यांच्या खटखटाटात अभ्यास करून इंजिनिअर झालेली. गेली तीन वर्षं ती कोल्हापुरात उद्यमनगरातल्या विजयसिंहांच्या छोट्या कंपनीत होती, आणि या पॅनेलमधली पहिली तार तिनं स्वतःच्या हातानं जोडली होती.

पॅनेलच्या आत तीन कार्डं होती. प्रत्येक कार्डावर एक प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू म्हणा. तिघांचं काम एकच. दूध पुरेसं तापलं का ते मोजायचं, बाकीच्या दोघांना सांगायचं आणि बहुमतानं ठरवायचं. बहात्तर अंशाच्या वर असेल तर दूध पुढं पिशवीकडं, खाली असेल तर व्हॉल्व्ह फिरवून पुन्हा तापायला माघारी. आता एवढ्यासाठी तीन मेंदू कशाला, असं संघातल्या प्रत्येकानं विचारून झालं होतं. नुजहतचं उत्तर ठरलेलं असे. दूध तापवायला चूलही पुरते, पण तिघांतला एक बिघडला तर तो कोणता बिघडला हे बाकीच्यांनी ओळखायचं, त्याला बाजूला करायचं आणि काम चालू ठेवायचं, हे चुलीला जमत नाही.

तेच ओळखणं आज दाखवायचं होतं. संघाच्या अध्यक्षा वर्षाराणी, ज्यांना सगळे वहिनीसाहेब म्हणत, त्यांनी खंडेनवमीचाच मुहूर्त धरला होता. यंत्रानं बिघडलेला प्रोसेसर बरोबर ओळखला तर पॅनेल भिंतीवर राहणार. नाही ओळखला तर उद्या सकाळी पान्हे लावून खाली उतरवणार आणि जुनं एका मेंदूचं पॅनेल परत चढवणार. वहिनीसाहेब हे हसत बोलल्या होत्या, पण त्या बाईंनी हसत बोललेलं आजवर मागं घेतलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

पूजा दुपारी झाली. ऐन आरतीच्या वेळी नुजहतचा फोन वाजला आणि ती बाहेर गेली. अम्मी होती.

"नुज्जू, ते गडहिंग्लजवाले लई खोटारडे हायेत बघ," सलमाबींनी सलाम-दुआ न करताच सुरुवात केली. "म्हणत्यात, पोरगी लग्नानंतर नोकरी सोडणार असं तुमीच कबूल केलंय. मी कवा कबूल केलं? मला तर सोयरीक आणली त्या इमामचाचांनी सांगितलं, त्यांना नोकरीवाली सून आवडती म्हणून!"

"अम्मी, आज न्हाय. आज माझी परीक्षा हाय."

"तुझी रोजच परीक्षा असती. आता त्यो तोहिद चांगला हाय दिसायला, पन घरातलीच खोटं बोलाय लागली तर कसं?"

"संध्याकाळी बोलू," म्हणून नुजहतनं फोन ठेवला. तिला राग आला होता. नोकरी सोडायची गोष्ट कुणीतरी तिच्या नावानं करून मोकळं झालं होतं, आणि ती कुणी केली हेही कळत नव्हतं.

ती आत आली तेव्हा धूप खोलीभर दाटला होता आणि आकाराम पॅनेलचं दार लावत होता. आकाराम हा यंत्रावरचा जुना ऑपरेटर. नव्या पॅनेलवर त्याचा एवढा जीव जडला होता की तो त्याच्याशी बोलायचासुद्धा.

"मामा, दार कशाला उघडलं होतं?"

"धूप दावला की आत. हेच खरं डोस्कं न्हवं? भाईरच्या पत्र्याला पुजून काय उपयोग?"

नुजहत हसली. दारावर कुंकवाचं ठसठशीत बोट होतं, तेही तिला आवडलं. तिनं तिन्ही दिवे बघितले. तिन्ही हिरवे.

परीक्षा कशी व्हायची ते ठरलेलं होतं. संध्याकाळच्या दुधाला पंप सुरू झाला की नुजहतनं सगळ्यांसमोर दोन नंबरचं कार्ड हातानं उपसून काढायचं, आणि यंत्रानं ते ओळखून दाखवायचं. संचालक मंडळी खुर्च्या टाकून बसली होती. विजयसिंह कोट घालून आले होते आणि घामानं निथळत होते. पंप सुरू झाला. नुजहतनं दाराच्या कडीला हात घातला.

आणि कडी निघायच्या आधीच भोंगा कोकलला.

तीन नंबरचा दिवा लाल झाला होता. पडद्यावर अक्षरं उमटली, "तीन नंबर बाद. एक आणि दोन चालू." पाइपातलं दूध थेंबभरही थांबलं नव्हतं.

विजयसिंहांनी खुर्चीवरच उडी मारली म्हणा ना. "वहिनीसाहेब! आम्ही हातसुद्धा लावला न्हाय! खराखुरा बिघाड झालाय, आणि यंत्रानं आपल्या आपण वळखलाय!"

"म्हंजी तुमी नाटक करनार हुता, आणि हितं खरंच घडलं?"

"खरंच घडलं!"

"आनि दूध चालूच?"

"चालूच!"

वहिनीसाहेब उठल्या, पाइपाजवळ गेल्या, कान लावून दूध ऐकल्यासारखं केलं आणि टाळी वाजवली. मग काय, खोलीत नुसता गलका. कुणी नुजहतच्या पाठीवर थाप मारली, कुणी तिच्या गळ्यात यंत्राचाच झेंडूचा हार घातला. पेढ्यांचे बॉक्स फुटले. "बोलवा रं सगळ्यांना!" म्हणून वहिनीसाहेबांनी हाळी दिली आणि धक्क्यावरचे हमाल, वजनकाट्यावरचा कारकून, बॉयलरवरचा गडी, सगळे पेढ्याला आत आले. नुजहतला तर नाचावंसं वाटत होतं. तीन वर्षं जे कागदावर आणि टेबलावर चाललं होतं ते आज खऱ्या दुधावर, खऱ्या बिघाडावर, तिच्या डोळ्यांदेखत झालं होतं. तिनं दोन पेढे एकदम तोंडात कोंबले.

आणि तोंडात पेढे असतानाच तिनं पॅनेलचं दार उघडून लॅपटॉप तीन नंबरला जोडला. बिचाऱ्याला झालं तरी काय, हे तिला बघायचं होतं.

झालं काहीच नव्हतं.

तीन नंबरचा सेन्सर चौऱ्याहत्तर दाखवत होता. पाइपावरचा काचेचा थर्मामीटरही चौऱ्याहत्तर. मेमरी स्वच्छ, घड्याळ बरोबर, गणितं चोख. तिनं तपासण्या पुन्हा लावल्या. हे कार्ड तिच्यापेक्षा धडधाकट होतं. मग बाद का झालं? तर त्यानं एक तक्रार केली होती, आणि ती एकट्यानंच केली होती. "एक नंबर एकसष्ट म्हणतोय."

नुजहतनं एक नंबर बघितला. चौऱ्याहत्तर. दोन नंबर बघितला. चौऱ्याहत्तर, आणि त्याची एक नंबरबद्दल कसलीही तक्रार नाही. एकसष्ट हा आकडा साऱ्या खोलीत तीन नंबरशिवाय कुणीच ऐकला नव्हता.

तिच्या तोंडातला पेढा कडू झाला. कारण तीन नंबरला कोणत्या नियमानं हाकललं ते तिला पाठ होतं. या यंत्रात दोन नियम असे होते की जे पुस्तकातून आलेले नव्हते, घरातून आले होते. पहिला तिचाच. एकटाच बोंब मारतोय आणि बाकीचे गप्प आहेत, तर बोंब मारणाराच खुळा समजायचा. लिहिताना ते तिला फार शहाणपणाचं वाटलं होतं. दुसरा विजयसिंहांचा. दोघंच उरले आणि त्यांच्यात वाद लागला, तर थोरल्याचं, म्हणजे एक नंबरचं ऐकायचं. विजयसिंहांच्या घरात अजून थोरल्या काकांपुढं कुणाचं चालत नसे, आणि त्यामुळं घर चाळीस वर्षं एकत्र राहिलंय, असं ते अभिमानानं सांगत. भांडणापायी दूध तुंबू नये म्हणून संघालाही तो नियम पटला होता. नुजहत तेव्हा थोडी कुरकुरली होती, मग तिनंच तो टाइप केला होता.

तिनं तीन नंबर पुन्हा कामावर घेतला. दिवा हिरवा झाला. घास गिळायच्या आत भोंगा, आणि पुन्हा लाल. "तीन नंबर बाद."

"बघा!" एक संचालक ओरडले. "पुन्ना वळखलं! लबाडाला थाराच न्हाय हितं!"

हशा पिकला. विजयसिंह तिच्याजवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "नुजहत, पास झालोय आपण. आता खुसपट काढू नको."

"सर, तीन नंबर चांगला हाय."

"मग एकसष्ट कुठनं आणलं त्यानं?"

"तेच कळंना झालंय."

"कार्ड खराब हाय. घरी नेऊन बघू. वहिनीसाहेब सही करायला निघाल्यात, ती होऊ दे." एवढं बोलून ते हसरा चेहरा करून माघारी वळले.

नुजहत तिथंच उभी राहिली. गळ्यात हार, हातात लॅपटॉप. तीन नंबर म्हणतो, एक नंबरनं मला एकसष्ट सांगितलं. एक नंबरचा चेहरा म्हणतो, छे, चौऱ्याहत्तर. दोन नंबरला विचारावं तर तो म्हणणार, मला तर बाबा चौऱ्याहत्तरच सांगितलं, आणि तोही खरंच बोलत असणार. तीन नंबरच्या कानात दोष असेल तर तो बाद झाला ते बरंच झालं. पण एक नंबर दोघांना दोन गोष्टी सांगत असेल तर? मग यंत्रानं लबाडाला ठेवलं आणि ओरडणाऱ्याला घालवलं. आणि आता उरलेल्या दोघांत वाद लागला तर थोरल्याचं ऐकायचं, हा दुसरा नियम टपून बसलेलाच. तो थोरला उद्या कच्च्या दुधाला तापलेलं म्हणाला तर साऱ्या शहराच्या पिशव्यांत ते जाईल. हे तिला स्वच्छ दिसलं. पण तिच्याजवळ होता एकाचा शब्द, आणि समोर दुसऱ्याचा.

फोन पुन्हा वाजला. अम्मीच. आता नको, असं म्हणायला तिनं फोन कानाला लावला, तर अम्मीनं तिला शब्द बोलू दिला नाही.

"सापडला! चोर सापडला! अगं, गडहिंग्लजवाली खोटी न्हाय. मी बी खोटी न्हाय. इमामचाचानं त्यांना एक सांगितलंय आनि मला एक!"

"तुला कसं कळलं?"

"मी सरळ तोहिदच्या अम्मीलाच फोन लावला. पयल्यांदा भांडलो दोघी, दणकून. ती म्हणती तुमीच बोलला, मी म्हणती तुमीच. मग मी म्हटलं, बाई, इमामचाचा काय म्हणला ते तुझ्या तोंडानं नको, त्यानं धाडलेलं व्हॉट्सॲपचं रेकॉर्डिंगच जसंच्या तसं हिकडं धाड. तिनं धाडलं. माझ्याकडचं मी तिला धाडलं. दोन्हीत त्येचाच आवाज! आता कसा नाय म्हणनार त्यो? हसत बसलोय आमी दोघी तवापासनं—"

"अम्मी!" नुजहत एवढ्यांदा ओरडली की आकारामच्या हातातला पेढा खाली पडला. "अम्मी, तू सोनं हायस!"

"व्हय, पन सांगू काय त्यांना?"

"थांब, आलेच!"

खरंच की. तो काय बोलला हे आपल्या तोंडानं सांगायचं नाही. त्याचाच निरोप, त्याच्याच आवाजात, जसाच्या तसा पुढं टाकायचा. आणि आवाज तर यंत्रात होताच! प्रत्येक प्रोसेसर निरोपाच्या शेवटी आपला शिक्का मारायचा. शिक्का म्हणजे त्या निरोपातल्या आकड्यांवरूनच केलेलं एक गणित, जे ज्याचं त्यालाच जमतं, दुसऱ्याला त्याची नक्कल करता येत नाही. वाटेत तारेनं आकडा बिघडवला तर शिक्का जुळत नाही. ऐकणाऱ्यानं मनानं आकडा बदलला तरी जुळत नाही. शिक्का जुळला, तर तो निरोप ज्याचा त्याचाच. नुजहतनं हे शिक्के तारांतला गोंधळ ओळखायला घातले होते. एकाचे दोन शिक्के शेजारी ठेवून बघावेत, हे मात्र तिला तीन वर्षांत सुचलं नव्हतं.

तिकडं वहिनीसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं होतं.

"वहिनीसाहेब, सही करू नका!"

विजयसिंहांनी डोळे मिटले.

"का गं पोरी?" वहिनीसाहेबांचं पेन तसंच हवेत राहिलं. "पास झालीस की तू."

"यंत्रानं चुकीचा माणूस धरलाय. मला वाटतंय, म्हणजे... पाच मिनिटं द्या. दाखवती."

"आन न्हाय दावता आलं तर?"

नुजहतनं गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला. "तर पॅनेल मी स्वतः उतरवती."

"बस मग," वहिनीसाहेब म्हणाल्या, आणि स्वतःच खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसल्या.

नुजहतची बोटं धावायला लागली. दोन नंबरला हुकूम, एक नंबरकडून जो निरोप येईल तो शिक्क्यासकट जसाच्या तसा माझ्याकडं पाठव. तीन नंबर बाद झालेला असला तरी त्याचे कान उघडे होते, त्यालाही तोच हुकूम. पडद्याच्या दोन बाजूला दोन चौकटी उघडल्या. सगळी मंडळी मागं दाटली. कुणाच्या तरी पेढ्याचा चुरा तिच्या खांद्यावर पडत होता.

डावीकडं अक्षरं आली. "एक नंबरकडून दोन नंबरला: ७४. शिक्का जुळला."

उजवीकडं आली. "एक नंबरकडून तीन नंबरला: ६१. शिक्का जुळला."

"पुन्ना दाव," वहिनीसाहेब म्हणाल्या.

पुन्हा आलंच. चौऱ्याहत्तर, शिक्का जुळला. एकसष्ट, शिक्का जुळला. एकाच घडीला, एकाच तोंडातून.

"अगं बया!" वहिनीसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "ह्यो तर सासूला एक नि सुनंला एक सांगनारा निघाला! आन आपन कुनाला भाईर घालवलं? जी खरं बोलली तिला!"

"तीन नंबर खरा हाय!" आकाराम नाचायच्या बेतात आला. "मी म्हणतच हुतो!" तो असं काहीच म्हणत नव्हता, पण त्या आनंदात ते कुणी मनावर घेतलं नाही. नुजहतच्या तर डोळ्यांत पाणी आलं. एकटा ओरडणारा खरा होता. तिनं त्याला दोनदा हाकललं होतं, आणि तरी बाहेर बसून तो तेच सांगत राहिला होता.

विजयसिंह मात्र पडद्याच्या कोपऱ्याकडं बघत होते. "नुजहत, हे काय?"

दोन नंबरचा आकडा उतरत होता. त्र्याहत्तर. बहात्तर. पाइपावरचा थर्मामीटरही खाली येत होता. बॉयलरचा गडी पेढा हातात घेऊन सर्वांच्या मागं उभा होता, आणि बॉयलरकडं कुणीच नव्हतं. वाफ पडली होती.

"पळ की मर्दा!" वहिनीसाहेब त्याच्यावर कडाडल्या. तो पळाला. पण दूध काही त्याच्यासाठी थांबणार नव्हतं.

दोन नंबर एकाहत्तर म्हणाला. एक नंबर म्हणाला, चौऱ्याहत्तर. आता तो दोन नंबरशीही खोटं बोलायला लागला होता. दोघांत वाद लागला, आणि यंत्रानं शिकवलं होतं तसं इमानानं थोरल्याचं ऐकलं. व्हॉल्व्ह हलला नाही. कच्चं दूध पुढं निघालं.

"एक नंबर काढा!" नुजहत किंचाळली. "सर, तुमच्या हाताशी हाय. ओढा!"

विजयसिंहांचा हात कार्डापर्यंत गेला आणि थबकला. नियम त्यांचा होता. त्यांच्या घरात आजवर थोरल्याला कुणी असं सगळ्यांदेखत बखोटीला धरलेलं नव्हतं. त्यांनी एकदा थर्मामीटरकडं बघितलं, एकदा त्या पोरीकडं, आणि दातओठ खाऊन कार्ड सटकन उपसलं.

खट्ट! व्हॉल्व्ह फिरला. दूध माघारी वळलं. "मामा, पुढचा कॉक!" असं नुजहत ओरडेपर्यंत आकारामनं पुढच्या पाइपाचा कॉक फिरवलाही होता, आणि जे थोडं निसटलं होतं ते टाकीत न पडता गटारीत गेलं. नुजहतनं तीन नंबर कामावर घेतला. दिवा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. दोन म्हणाला सत्तर. तीन म्हणाला सत्तर. मग वाफ चढायला लागली तशी दोघं एकमेकांच्या सोबतीनं वर निघाले, एकाहत्तर, बहात्तर, त्र्याहत्तर, आणि व्हॉल्व्हनं पुन्हा एकदा खट्ट करून दूध पुढं सोडलं. कारकुनानं शिट्टी मारली. ती मारायला नको होती, पण कुणी रागावलं नाही.

विजयसिंह हातातल्या कार्डाकडं बघत होते. मेमरीच्या चिपच्या बारीक पायांमध्ये पिवळा चिकट थर होता आणि त्यात झेंडूची एक पाकळी बसली होती. म्हणजे शिक्का मारायच्या आधीच, मेमरीतच आकडा बदलत होता. त्यांनी वास घेतला. "नारळ," ते म्हणाले.

सगळ्यांच्या माना आकारामकडं वळल्या.

"उंबऱ्यावर फोडला की," आकारामचा आवाज बसला. "वाईच पानी आत शिंपडलं. जास्त न्हाय, चूळभर. एक नंबरवरच. थोरल्याला मान म्हणून." आणि तो मटकन खाली बसला. "माझ्या हातनं घात झाला, ताई. मी पुजलं आन मीच मारलं."

नुजहत त्याच्यासमोर उकिडवी बसली. "मामा, तुमचं पाणी एकाच कार्डावर पडलं. आमची चूक तिन्हीत होती. थोरल्याला मान तुम्ही एकट्यानं न्हाय दिला, आम्ही तर तसा नियमच केलेला."

वहिनीसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

"आता तूच सांग," त्या म्हणाल्या. "तुझं यंत्र पास का नापास?"

विजयसिंहांनी तिच्याकडं बघितलं. त्यांच्या नजरेत या खेपेला खुसपट काढू नको असं काही नव्हतं.

"नापास, वहिनीसाहेब," नुजहत म्हणाली. "कुणीतरी बिघडलंय एवढं त्याला कळलं. कोण, ते न्हाय कळलं. ते कळण्यासाठीच तर केलं होतं."

"हं. मग उतरवनार पॅनेल?"

"बोलले तशी उतरवीन. न्हायतर दोन ओळी पुसायला द्या आणि दोन नव्या लिहायला. एकटा बोंब मारत असला तर त्याला हाकलायच्या आधी ज्यानं त्यानं आपल्याला आलेला निरोप शिक्क्यासकट पुढं टाकायचा. मग ठरवायचं. आणि दोघंच उरले नि पटंना, तर कुणाचंच ऐकायचं न्हाय, दूध माघारी."

"थोरल्याचंसुद्धा न्हाय?"

उत्तर विजयसिंहांनी दिलं. "न्हाय," ते म्हणाले, "पूस दोन्ही."

नुजहतनं तिथंच, सगळ्यांसमोर दोन्ही ओळी पुसल्या. नव्या ओळी लिहून, तपासून होईपर्यंत कोरडं नवं कार्ड एक नंबरच्या जागी बसलं होतं. मग तिनं मुद्दाम त्याच्याकडून तीन नंबरला खोटा आकडा पाठवला. तीन नंबरनं बोंब मारली. लगेच दोन आणि तीन नंबरनं आपल्याला आलेले निरोप पुढं टाकले, शिक्के जुळले, आकडे जुळले नाहीत, आणि भोंगा कोकलला. "एक नंबर बाद. दोन आणि तीन चालू."

वहिनीसाहेबांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि सही ठोकली. "पॅनेल राहूदे," त्या म्हणाल्या. "जी पोरगी आपल्याच यंत्राला नापास म्हणती, तिच्या यंत्राचं दूध मी नातवाला पाजीन." आकारामनं बोटावर कुंकू घेतलं, दार बंद असल्याची दोनदा खात्री केली आणि बाहेरून, पत्र्यावर, तीन नंबरच्या दिव्याखाली एक बोट ओढलं.

तेवढ्यात नुजहतचा फोन तिसऱ्यांदा वाजला. "काय सांगू गं गडहिंग्लजला?" अम्मी विचारत होती. "वाट बघाय लागल्यात की ती."

"तू नको सांगूस. नंबर दे त्यांचा."

तिनं फोन तोंडाजवळ धरला, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि पंपाच्या आवाजावर आवाज चढवून बोलली, "सलाम वालेकुम खाला, मी नुजहत बोलती. माझ्याबद्दल कुणी काय सांगितलं असंल ते असू दे, हे माझ्या तोंडचं ऐका. मी नोकरी सोडणार न्हाय. चालत असंल तर तोहिदलाही हे असंच ऐकवा."

"आन सोडलीच तर पॅनेल परत धाडीन म्हणावं!" मागनं वहिनीसाहेब ओरडल्या.

तेही रेकॉर्ड झालं. नुजहतला ते पुसून पुन्हा बोलता आलं असतं. तिनं हसून जसंच्या तसं पाठवून दिलं.